गिअरबॉक्स उतरवायच्या आधी लिंकेजचे बुश बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1950 च्या दशकातली गाडी, तीन गिअर, कॉलम शिफ्ट म्हणजे दांडी स्टिअरिंगच्या खाली. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडी मधेच अडकते, मग ना पुढे ना मागे, खाली उतरून बॉनेट उघडून कॉलमच्या बुडाशी असलेले लिव्हर हाताने हलवले की सुटते. न्यूट्रलला दांडी लुळी पडल्यासारखी हलते आणि खडखड वाजते. जिथे दाखवली तिथे गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल असं सांगितलंय, तर उतरवायचा का?

आत्ता नको. तुम्ही जे वर्णन केलंय ना ते शब्द न् शब्द झिजलेल्या बुशचं आहे (बुश म्हणजे जोडाच्या भोकात, पिनभोवती बसणारी छोटी नळी), आणि हाताने लिव्हर हलवले की सुटतं हीच सगळ्यात मोठी खूण आहे, कारण बिघाड गिअरबॉक्सच्या आत असता तर बाहेरून लिव्हर सरळ करून तो इतक्या सहज सुटला नसता. मी गेली बरीच वर्षं जुन्याच गाड्यांवर काम करतोय आणि सांगतो, नुसत्या बुशपायी उतरवलेले गिअरबॉक्स मी इतके पाहिलेत की आता कुणी "गिअर अडकतो" म्हटलं की मी आधी टॉर्च घेऊन गाडीखाली जातो, बाकी बोलणं नंतर.

पुढे मी गिअरची दांडी म्हणेन ती तुमच्या हातातली, आणि लिव्हर म्हणेन ते खालचे छोटे पोलादी हात, आणि लिंकेज म्हणेन ती दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची लिव्हर-रॉडची सगळी साखळी, म्हणजे घोळ नको.

आधी हे अडकतं का ते समजून घ्या. तीन गिअरच्या कॉलम शिफ्टमध्ये साधारणपणे दोन रॉड असतात. एक रॉड पहिला आणि रिव्हर्स सांभाळतो, दुसरा रॉड दुसरा आणि तिसरा. दांडी आपल्याकडे ओढली की कॉलमच्या आतला दात एका लिव्हरला धरतो, पुढे ढकलली की त्याला सोडून दुसऱ्याला धरतो. आता हा दात एकाकडून दुसऱ्याकडे कधी जाणार, तर दोन्ही लिव्हरच्या खाचा अगदी समोरासमोर आल्या तरच. पहिल्यातून न्यूट्रलला येताना बुश झिजल्यामुळे रॉड पूर्ण परत येत नाही, लिव्हर दीड-दोन मिलिमीटर अलीकडेच राहतो, खाचा जुळत नाहीत आणि दात मधे अडकून बसतो. त्यात गिअरबॉक्सच्या आत इंटरलॉक असतो, दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून, तोही आतला गिअर सरकवणारा एक शाफ्ट पूर्ण न्यूट्रलला आला नाही तर दुसऱ्याला हलू देत नाही. म्हणजे गिअरबॉक्स आपलं काम चोख करतोय, त्याला चुकीचा निरोप जातोय एवढंच.

आणि एवढ्याशा बुशने इतका फरक कसा पडतो तर हिशोब करून बघा. समजा दांडीची मूठ कॉलमच्या मध्यापासून 250 मिमी लांब आहे आणि खालच्या लिव्हरची पिन 50 मिमीवर, म्हणजे 5 पट. रॉडच्या दोन्ही टोकांना फक्त 1-1 मिमी ढिलाई असेल तरी ती 2 मिमी झाली आणि मुठीशी 10 मिमी. शिवाय कॉलमच्या बुडाचा बुश, आतल्या दाताची झीज, हे सगळं त्यातच मिळत जातं. म्हणूनच एकच बुश बदलून "थोडा फरक पडला" म्हणणारे लोक भेटतात, फरक थोडाच पडणार, बाकीचे तसेच आहेत ना. बदलायचे तर सगळे एकदम बदला, हे माझं ठाम मत आहे.

आता खात्री कशी करायची. पहिली गोष्ट, इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनला गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर खरखरतात, तर लिंकेज सोडा, क्लच पूर्ण सुटत नाहीये, तो वेगळा विषय. बंद असतानाही अडकतोय तर लिंकेजकडे या. दुसरी गोष्ट, एकाला आत बसवा आणि दांडी न्यूट्रलमध्येच हळूहळू, अगदी दोन बोटांनी, इकडून तिकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली प्रत्येक जोडावर बोट ठेवा, अर्धं बोट रॉडच्या पिनवर आणि अर्धं लिव्हरवर. पिन हलली आणि लिव्हर मागाहून हलला, तर ती मधली जी चुकलेली चाल बोटाला कळते तोच तुमचा बुश. डोळ्याने नाही दिसत हे कित्येकदा, पण बोटाला लगेच कळतं. हे करताना इंजिन बंदच पाहिजे आणि सायलेन्सरचा पाइप गार झालेला पाहिजे, कारण तुमचा हात त्याच्याच शेजारी असणार आहे.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक करत नाहीत. गिअरबॉक्सच्या बाजूचे दोन्ही रॉड सोडवा आणि गिअरबॉक्सचे लिव्हर हातानेच मागेपुढे करा. प्रत्येक गिअरला आत बॉल आणि स्प्रिंग असते, ती खाचेत बसली की हाताला एक स्वच्छ "टक" लागतो. एक गिअर, मधे न्यूट्रल, पलीकडे दुसरा गिअर, असे प्रत्येक लिव्हरला तीन टक मिळाले पाहिजेत. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे बसत नसेल तर मागचं चाक उचलून (उचलताना घ्यायची काळजी पुढे सांगितलीय) हाताने थोडं फिरवून घ्या, मग बसतो. टक स्वच्छ मिळाले तर निदान गिअर बदलण्याची आतली यंत्रणा शाबूत आहे, गिअरबॉक्स उतरवायचं कारण नाही. टक पुळचट लागला किंवा लिव्हर कुठेतरी रुतला तर मात्र आत बघावं लागेल, आणि चालताना लोडवर गिअर सुटत असेल तर लिंकेज नीट करूनही तो सुटतोय का ते बघूनच आतला निर्णय घ्या. आणि हो, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट पण बघा. माउंटचं रबर फाटलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबला की अख्खं इंजिन हलतं आणि त्याच्याबरोबर रॉडची जागा बदलते, मग नवे बुश टाकूनही तक्रार तशीच.

एक गाडी माझ्या चांगली लक्षात आहे. मालक काका वडिलांची गाडी म्हणून जीव लावून ठेवणारे, दुसरीकडे गिअरबॉक्स खोलून सगळं बदलून झालेलं, आणि दांडी तरी अडकायचीच. मी खाली गेलो तर मागच्या रॉडच्या टोकाला बुश नव्हताच, नावालासुद्धा नव्हता, काळ्या ग्रीसमध्ये तपकिरी भुगा तेवढा होता आणि पिन नुसती लिव्हरच्या भोकात लोखंडावर लोखंड घासत होती. पिन एका बाजूने इतकी खाल्लेली की बाजूने बघितली तर कंबर दिसत होती. तो बुश नखाएवढा असतो. काकांच्या हातात नवा बुश ठेवला तर ते बराच वेळ त्याच्याकडेच बघत उभे होते.

बरं, आता काम. गाडी जॅकवर उचलून फक्त जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, स्टँड लावायचे म्हणजे लावायचेच. एक गोष्ट विसरली जाते, या कामात गाडी न्यूट्रलला असते आणि रॉड सुटलेले असतात, म्हणजे गिअरमध्ये ठेवून गाडी धरून ठेवायची सोय गेलेली असते, आणि जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर माझा भरवसा नाही. तेव्हा जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा आणि जागा सपाट बघा.

काहीही सोडवायच्या आधी फोटो काढा, चार बाजूंनी. रॉड कुठल्या बाजूने आत शिरलाय, वॉशर बुशच्या आधी आहे की नंतर, क्लिपचं तोंड कुठे, बुशची कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, कुठल्या बाजूला, हे सगळं आता पाठ आहे असं वाटतं आणि जोडताना आठवत नाही. दोन्ही रॉड दिसायला सारखे पण वाकण वेगळं असतं, त्यांना पेंटने एक ठिपका आणि दोन ठिपके करा. रॉडची लांबी कमीजास्त करायचे आटे असतात तिथे नटच्या कडेला पेंटची रेघ मारा. ही रेघ शेवटची सेटिंग नाही, पण निदान सुरुवात तिथून करता येते.

मग सफाई. रॉकेल आणि ब्रश घेऊन सगळे जोड धुवा, साठलेला चिखल-ग्रीसचा थर काढा. नाहीतर तोच चिखल नव्या बुशमध्ये जाऊन पॉलिश पेपरचं काम करतो. स्प्लिट पिन किंवा क्लिप काढा, स्प्लिट पिन गंजून तुटत असेल तर तुटू दे, ती परत वापरायचीच नाही. स्प्रिंग वॉशर, म्हणजे तो लाटेसारखा वाकडा असतो तो, मिळाला तर जपून ठेवा, खडखड थांबवायचं काम त्याचं आहे, आणि चपटा झाला असेल तर नवा टाका. जुना बुश नायलॉनचा असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की तुकडे होऊन पडतो.

आता इथे थांबा आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घ्या. नवा बुश घालायची घाई सगळ्यांना असते पण खरं काम इथे आहे. पिनचा व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा उभा एकदा आडवा. पिनच्या मुळाशी, जिथे ती बुशला लागत नाही, तिथे मूळ माप मिळतं, म्हणजे पुस्तक नसलं तरी चालतं. मुळाशी 8.0 आणि मधे एका बाजूने 7.4 येत असेल तर ती पिन गोल राहिलेली नाही, तिच्यावर नवा बुश घातला तर पहिल्या दिवशी छान वाटेल आणि लवकरच परत तेच, कारण गोल बुशमध्ये चपटी पिन फिरते ती कडेनेच बुश कापते. तसंच लिव्हरचं भोक, ते अंड्यासारखं लांबट झालंय का बघा. मी साधारण दोन-तीन दशांश मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून देतो, त्यापुढे नाही. उपाय म्हणाल तर पिनवर वेल्डिंगचा भर चढवून कानसने आणि मग पॉलिश पेपरने गोल करून घेता येते, हाताने नीट जमत नसेल तर लेथवर. वेल्डिंग करताना रॉड सुटा काढून करा, गाडीवर असताना नको. भोक लांबट असेल तर रीमरने मोठं गोल करून बाहेरून जाड असलेला बुश बनवून घालायचा.

बुश कशाचा घ्यायचा यावर लोक तासभर वाद घालतात. माझं म्हणणं सांगतो. कंपनीने जिथे नायलॉन दिला होता तिथे तो काही पैसे वाचवायला म्हणून नुसता नाही, नायलॉन मऊ आहे, तो स्वतः झिजतो आणि पिनला वाचवतो, शिवाय आवाज खातो. पण नायलॉन हवेतली ओल पितो आणि थोडा फुगतो, त्यामुळे पिनवर फार घट्ट बसणारा बुश पुढे जाऊन आवळतो. लेथवर स्वतः बनवून घेणार असाल तर ॲसिटाल घ्या, ज्याला डेलरिन म्हणतात. ते ओल फारच कमी घेतं, माप धरून ठेवतं आणि लेथवर फार स्वच्छ कापलं जातं. पितळ किंवा ब्राँझ टिकतं खरं, पण ग्रीस संपली की आवाज करतं, आणि कडक ब्राँझ असेल तर झीज पिनकडे ढकलली जाते, म्हणजे स्वस्त वस्तू वाचवून महाग वस्तू खर्ची घालणं झालं. पॉलियुरेथेन बसवल्यावर हाताला एकदम नेमकं लागतं, पण काही गाड्यांत इंजिनची थरथर दांडीपर्यंत येते. आणि मूळचा बुश रबरात बसवलेला असेल तर तिथे रबरवालाच घाला, तो तिथे थरथर अडवायलाच ठेवलेला आहे.

लेथवाल्याला माप देताना एक लक्षात ठेवा. बुश भोकात दाबून बसवला की त्याचं आतलं भोक आवळतं. म्हणून लिव्हरचं भोक 12.0 असेल तर बुश बाहेरून 12.1 च्या आसपास आणि आतून पिनपेक्षा दोन दशांश मोठा करायला सांगतो मी, बसवल्यावर साधारण एक दशांशाची मोकळीक उरते. पिन बोटाने ढकलून आत गेली पाहिजे आणि हलवली तर वाजली नाही पाहिजे, एवढंच.

बसवणं. लिव्हरच्या भोकाच्या कडा आधी गोल कानसने किंचित मारून घ्या, कारण धारदार कड राहिली तर आत जाताना बुशची साल निघते आणि तो ढिला बसतो. नायलॉनचा बुश गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ होतो. मग हातोडी नाही, कृपा करून हातोडी नाही. नायलॉनला चीर गेली तर ती दिसत नाही, महिनाभराने कळतं. एक लांब बोल्ट, दोन जाड वॉशर, एका बाजूला बुशपेक्षा मोठा सॉकेट आणि नट, असं जोडून नट हळूहळू आवळत जायचं, बुश सरळ रेषेत आत ओढला जातो. जागा अडचणीची असेल तर सॉकेट मागे ठेवून मोठ्या पक्कडीने दाबता येतो. कॉलर असलेला बुश पूर्ण बसला की हलकासा "टच" असा आवाज येतो, नखाने कड चाचपून बघा, सगळीकडून सारखी टेकलेली पाहिजे.

पिन घालताना ग्रीस लावा. नायलॉन आणि ॲसिटालला साधी लिथियम ग्रीस चालते. नैसर्गिक रबर असेल तिथे पेट्रोलियमची ग्रीस नको, रबर फुगून खराब होतं, तिथे सिलिकॉनची लावा, पॉलियुरेथेनलाही तीच. थापायची नाही, पातळ थर पुरतो, जास्तीची बाहेर येऊन धूळ गोळा करते. मग वॉशर, स्प्रिंग वॉशर, नवी स्प्लिट पिन, तिचे दोन्ही पाय नीट वळवून.

आणि आता जे सांगतोय ते नाही केलं तर वरचं सगळं वाया. नवे बुश टाकले की लिंकेज परत जुळवायलाच लागतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका गाडीचे सगळे बुश बदलले, सगळं चकाचक, आणि गाडी आधीपेक्षा जास्त अडकायला लागली. झालं असं होतं की कुणीतरी झिजलेल्या बुशला सांभाळून घेण्यासाठी वर्षानुवर्षं रॉडची लांबी थोडी थोडी बदलत नेली होती, मी ढिलाई काढली पण ती बदललेली लांबी तशीच ठेवली. त्या दिवसापासून जुळवणी केल्याशिवाय मी गाडी खाली उतरवत नाही.

जुळवणी अशी. दोन्ही रॉड गिअरबॉक्सच्या टोकाला सुटे ठेवा. गिअरबॉक्सचे दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलच्या टकवर आणा, मधला टक. चाक हाताने फिरवून खात्री करा की गाडी खरंच न्यूट्रल आहे. मग कॉलमच्या बुडाशी जा, तिथले दोन्ही लिव्हर एकमेकांसमोर आणा. बऱ्याच गाड्यांत त्यांना आरपार एक भोक असतं, साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरचं, त्यात ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घालून दोन्ही लिव्हर न्यूट्रलला कुलूप लावल्यासारखे धरून ठेवता येतात. भोक नसेल तर खाचा डोळ्याने जुळवून पातळ पट्टी घाला. आता रॉडची लांबी आट्यांवर अशी करा की रॉडची पिन गिअरबॉक्सच्या लिव्हरमध्ये आपोआप, काहीही न ओढता, न ढकलता शिरेल. इथे जरासुद्धा जबरदस्ती नको. "थोडं ओढलं की बसतंय" म्हणजे जुळलेलं नाही, अर्धा आटा फिरवा आणि परत बघा. दोन्ही रॉड असे बसले की लॉक नट आवळा, आवळताना रॉड फिरू देऊ नका, आणि ड्रिल बिट आठवणीने काढा.

मग आत बसून इंजिन बंद ठेवूनच पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, रिव्हर्समध्ये, निदान वीस-तीस वेळा टाका. आधी हळू, मग नेहमीच्या वेगाने, मग मुद्दाम तिरपं ओढून. न्यूट्रलमध्ये दांडी आपल्याकडे ओढताना आणि पुढे ढकलताना कुठेही टोचली नाही पाहिजे. अजूनही पहिल्या-दुसऱ्याच्या मधे किंचित अडखळत असेल तर पहिला-रिव्हर्सवाला रॉड अर्धा आटा एका बाजूला करून बघा, सुधारतंय तर तिकडेच, बिघडतंय तर उलट. एवढं करूनही खाच पकडत नसेल तर कॉलमच्या बुडाचा बुश आणि आतला दात बघायला लागेल. दाताचे कोपरे गोल झाले असतील तर भर चढवून चौकोनी करून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत कॉलम खालून सोडवावा लागतो, ते काम घाईत करण्यासारखं नाही.

काम होईपर्यंत गाडी वापरायलाच लागली आणि अडकली तर इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि मगच बॉनेटमध्ये हात घाला. कॉलमच्या बुडाचे दोन्ही लिव्हर समोरासमोर आणले की सुटते. पण इंजिन चालू ठेवून हे कधीही करू नका, एखादा लिव्हर न्यूट्रलऐवजी गिअरमध्ये गेला तर गाडी तुमच्याच अंगावर येईल.

पहिले शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर एकदा खाली जाऊन लॉक नट आणि स्प्लिट पिना बघून घ्या, नवे बुश थोडे बसतात आणि मग अर्धा आटा परत लागू शकतो. पिन आणि लिव्हरच्या भोकांची मापं घेतलीत की इथेच टाका, उभं माप आणि आडवं माप वेगवेगळं लिहा, म्हणजे पिन तशीच ठेवायची की भर चढवायचा ते मी नेमकं सांगू शकेन.